बाबांच्या कॅमेऱ्याचा पाच नंबर

बाबांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला मी पाच नंबर दिला, तेव्हा आपल्याला हे जमलं याचाच आनंद जास्त होता. पाचच का, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. आमच्या घरात वायफायवर तीनच वस्तू: आईचा मोबाईल, रेकॉर्डरचा डबा आणि हा कॅमेरा. राऊटरचा स्वतःचा नंबर एक. बाकीच्यांना तो दोन, तीन, चार असे नंबर वाटायचा. चारच्या पुढं आमच्या घरात कोणी जातच नव्हतं. म्हणून पाच मोकळा. आमच्या घरापुरतं ते खरं होतं.

मी तेव्हा पुण्यात होते, कॅमेरे बसवून देणाऱ्या एका दुकानात. आठवी झाली आणि माझी शाळा सुटली, कारण नववीची शाळा दिग्रसला आणि आमच्या गावाहून सकाळची एसटी एकच, ती आली तर आली. दोन-तीन वर्षं आईबरोबर कापसाच्या वेचणीला, निंदणाला गेले. मग मावशीच्या घरचे बांधकामाच्या कामावर पुण्याला निघाले, त्यांच्याबरोबर मीही आले. दुकानात मला घेतलं ते झाडलोटीसाठी. मालकांना सगळे सर म्हणायचे. खोक्यांवरचे लांबलचक नंबर वाचून मी माल जागच्या जागी लावते, हे त्यांनी एकदा पाहिलं.

"शिकलीस किती गं?"

"आठवी."

"मग वाचता येतं की."

एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर बसवलं. गिऱ्हाइकाचा कॅमेरा बंद पडला की फोन येतो. आपण विचारायचं, दिवा लागलाय का, वायर नीट बसलीय का, बंद करून परत चालू करून पाहिलं का. निम्म्या लोकांचं तेवढ्यानंच भागायचं. खुर्चीवर बसून करायच्या कामाचा पगार मिळतो, हे मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं.  रोज सकाळी शटर वर जाईपर्यंत वाटायचं, आज सर म्हणतील, चुकलंच आमचं, तू आपला झाडूच घे.

त्यांनी कधी तसं म्हटलं नाही. उलट त्या पावसाळ्यात बाबांना फवारणीची बाधा झाली, तेव्हा त्यांनीच मला जवळजवळ हाताला धरून गाडीत बसवलं.

बाबा दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जायचे. आमचं स्वतःचं शेत नव्हतं. त्या साली बोंडअळी अशी आली की बोंड फोडलं की आत गुलाबी किडाच. लोक घाबरून औषधावर औषध मारत होते, एकात दुसरं मिसळून. पाऊसही असा पडला होता की पऱ्हाटी, कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. एरवी माणूस वरून खाली मारतो. त्या साली बाबा खालून वर मारत होते, आणि मारलेलं सगळं तोंडावर येत होतं. तोंडाला दुपट्टा बांधलेला. तोही ओला. तिसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले ते उठलेच नाहीत. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तर त्या वॉर्डात सगळे आमच्यासारखेच, सगळ्यांच्या पायाशी बसलेल्या बाया कपाशीच्याच गोष्टी बोलत होत्या. बाबा वाचले. पण डोळ्यांना धुकं आल्यासारखं दिसायला लागलं आणि हात थरथरायचे ते थांबले नाहीत. उभे राहिले की तोल जायचा. अंगात जोर नाही हे अंगाला कळलं होतं, त्यांना कळत नव्हतं. मिनिटामिनिटाला उठून कुठंतरी निघायचे.

मी आठ दिवस राहून परत पुण्याला आले. तोवर वेचणी सुरू झालेली. दोघांच्या रोजीवर चालणारं घर आता आईच्या एकटीच्या. ती घरी बसली तर चूल बंद. आणि ती वेचायला गेली की बाबा घरात एकटे, कारण वेचणीच्या दिवसांत गावात म्हातारे आणि कुत्रेच मागे राहतात. दिवसभर माझ्या डोक्यात तेच. फोनवर गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकू यायचं नाही.

सरांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी मागच्या खोलीतून एका गिऱ्हाइकाकडून काढून आणलेला जुना कॅमेरा, रेकॉर्डरचा डबा आणि सिमकार्डवर चालणारा राऊटर काढला. कॅमेरा इतका जुना, की तो मोबाईलला सरळ चित्र पाठवायचा नाही. तो डब्याला द्यायचा, आणि डबा मला. "घेऊन जा. दिवसभर इथे बसून वडिलांकडे लक्ष ठेव. फोन मात्र नीट घ्यायचे." मला रडू आलं ते त्यांना दिसू नये म्हणून मी खोकं पुसत बसले. त्याचं काही घेतलं नाही त्यांनी, दिवाळीला कापून घेऊ म्हणाले आणि दिवाळीला विसरले. मुद्दाम विसरले असावेत.

मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन गावी गेले आणि ते सगळं बसवून आले. राऊटर खिडकीत, कारण तिथंच रेंज. कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात, तुळईला. ठरलं असं: आई शेतात जाताना मोबाईल बरोबर नेणार. मी पुण्याहून पाहणार. बाबा पडले, की मी आईला फोन करणार. शेत कुठलंही असलं तरी पंधरा मिनिटांच्या आत.

बाबांना कॅमेरा दिसत नव्हता. पण पोरगी पाहते म्हटल्यावर ते सकाळी शर्ट घालून, केस पाण्यानं चापून बसायचे. मुलीसमोर बनियनवर पडून राहणं त्यांना बरं वाटायचं नाही. जेवण झालं की रिकामी ताटली वर करून मला दाखवायचे, भलत्याच भिंतीला, कॅलेंडर होतं तिकडं. मी टेबलाशी बसून मान हलवायची. कान गिऱ्हाइकाकडे, डोळे ताटलीकडे. ते पंधरा-वीस दिवस माझे चांगले गेले असंच म्हणावं लागेल.

मग कॅमेरा हरवायला लागला.

आमच्याकडे लाईन, म्हणजे लाईट, दिवसातून तीन-चारदा जाते. लाईन आली की राऊटर नव्यानं नंबर वाटायला बसतो, जो आधी मागेल त्याला आधीचा. काल कॅमेरा तीन होता, आज चार. डबा मात्र कॅमेऱ्याला कालच्याच नंबरावर शोधत बसायचा. तिथं आईचा मोबाईल. मग माझ्या पडद्यावर काळा चौकोन. आई संध्याकाळी घरी येऊन सगळ्याचं बटण दोन-तीनदा बंद-चालू करायची, नशिबानं जुना नंबर लागला तर लागला.

सरांना विचारलं. ते जेवायला बसले होते, जेवता जेवताच समजावून सांगितलं. "कॅमेऱ्याला पक्का नंबर देऊन टाक. दोन कामं आहेत, लक्षात ठेव. एक, कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन नंबर पक्का करायचा. दोन, राऊटरच्या पानावर तोच नंबर त्याच्या नावानं राखून ठेवायचा. म्हणजे राऊटर तो दुसऱ्या कोणाला देणार नाही."

मी हो म्हटलं. पहिलं कळलं होतं. दुसरं अर्धं.

आमच्या दुकानात एक नियम होता, फोनवर बसणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला राऊटरच्या पानावर काहीही बदलायला सांगायचं नाही. तिथं एक खूण चुकली की सगळं घर बंद, मग माणूस पाठवावा लागतो. आमच्या गावी कोण माणूस जाणार होता? आणि सरांना परत विचारावं, तर त्यांनी आधीच एवढं केलेलं. दिलेलं घ्यायचं आणि वर समजलं नाही म्हणून त्यांचं जेवण थांबवायचं? वाटलं, अशानं ते म्हणतील, हिला उगाच खुर्चीवर बसवली. मी स्वतःलाच समजावलं की पहिलं काम केलं की झालं. दुसरं जास्तीच्या खबरदारीचं असणार.

दुसऱ्या दिवशी आई शेतात निघायच्या आधी मी फोन लावला. तिचा फोन स्पीकरवर, त्याच फोनवर पान उघडायचं. आई चौथी शिकलेली.

"आई, वरच्या पट्टीत लिव. एक, नऊ, दोन."

"लिवलं."

"आता टिंब."

"टिंब कुठं हाय वं? इथं तं नाई."

"खाली लांब पट्टी हाय ना, तिच्या बाजूले."

"अवं माय, हे तं पुरं पानच गेलं! कोन्त्या बाईचा फोटू आला, साडी इकून राह्यली."

"मागं जा. बाणाचं दाब."

मागून बाबांचा आवाज आला, "काय इकून राह्यली?"

"साडी. घ्या मले एक," आई म्हणाली.

"मोतीबिंदू झाला मले, साडी दिसत नाई आता."

"लग्नात कुठं दिसलती तुमाले!"

बाबा हसले. ते हसू मी फोनवर ऐकलं. पहिल्यांदाच, दवाखान्यानंतर.

एकेक आकडा लिहीत आम्ही राऊटरच्या पानावर पोचलो. तिथं फक्त पाहायचं, हात लावायचा नाही, असं मी तिला तीनदा बजावलं. कॅमेरा आज कोणत्या नंबरवर बसलाय, तेवढं तिनं वाचून दाखवलं. मग त्या नंबरावरून कॅमेऱ्याचं पान. वरून तिसरी ओळ, तिथला गोल काढून शेजारचा गोल भर, खाली शेवटचा आकडा खोड, पाच लिही, सगळ्यात खालची निळी पट्टी दाब.

"दाबली. आता?"

"आता थांब."

कॅमेरा बंद होऊन परत चालू झाला. इकडून मोबाईलवरून मी रेकॉर्डरच्या डब्यात पाच नंबर भरला आणि खोली आली. आई आली, हातात मोबाईल धरून, आणि बाबा, कॅलेंडरकडे पाहून हात हलवत.

पुढचे दहा-बारा दिवस लाईन कितीही वेळा गेली तरी खोली परत यायची. मी सरांना सांगितलं, झालं. "दोन्ही केलंस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्या 'हो'बद्दल मी हे सगळं लिहिते आहे.

मला नंतर ज्या रीतीनं कळलं ते सांगते. दिग्रसच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल टाकला म्हणजे जागा आपली, असं बाहेरच्याला वाटतं. पण कंडक्टरला त्या रुमालाचं काही माहीत नसतं. मी कॅमेऱ्याला सांगितलं होतं की तुझी जागा पाच. राऊटरला सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी पाच रिकामा होता आणि वाटायला मोकळा. गाडीत तीनच माणसं होती म्हणून माझा रुमाल टिकला होता.

आमच्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याला पाहायला जायची रीत आहे. गेलं नाही तर पुढं बोलणं राहतं. बाबा आले तेव्हा फवारणीचे दिवस, कोणालाच येता आलं नव्हतं. ते पाहुणे एका रविवारी आले. आत्याच्या गावचे, आईच्या माहेरचे, गावातले, सगळे एकदम, जीप करून. सकाळी दहाला माझ्या पडद्यावर खोलीत बसायला जागा नव्हती. बाबांना उशा लावून बसवलेलं. प्रत्येकजण येऊन त्यांच्या हाताला हात लावत होता. मी सगळ्यांना ओळखत होते आणि त्या सगळ्यांना माहीत होतं की मी पाहते आहे. एक मामा आईच्या मोबाईलवरून मला फोन लावून वर बघत म्हणाला, "काय वं पुनेवाली, चहात साखर कमी पडली, पाठव!"

घरात वायफाय आहे, ही आमच्या गावात छोटी गोष्ट नव्हती. गावात नेटची रेंज देवळाच्या ओट्यावर नाहीतर आमच्या खिडकीत. आई चहाबरोबर पासवर्डही द्यायची. आठ वेळा आठ. पाहुण्याला पाणी दिलं, चहा दिला आणि हे नाही दिलं, असं तिच्यानं झालं नसतं. माझ्याही लक्षात आलं नाही. मी पाहुणेच मोजत होते, मोबाईल नाही.

अकराच्या सुमारास लाईन गेली. पंधरा-वीस मिनिटांनी आली. तो जुना कॅमेरा उठायला दीड मिनिट घ्यायचा. मोबाईल काही बंद पडलेले नव्हते. राऊटर उठल्या उठल्या सगळे रांगेत. दोन, तीन, चार, पाच, सहा. कॅमेरा जागा होऊन आपल्या जागेवर आला तर तिथं माणूस बसलेला.

माझ्या पडद्यावर काळा चौकोन आला.

आता इथं मला खरं सांगायचं आहे. काळं दोन प्रकारचं असतं. घरातली लाईनच नसली तर सगळा डबाच बंद असतो आणि मोबाईलवर तसं लिहून येतं. लाईन असून कॅमेरा हरवला असला तर डबा चालू दिसतो आणि चौकोन तेवढा काळा. ही ओळख तर माझं रोजचं काम होतं. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न मी हाच विचारायची. त्या दिवशी चौकोन दुसऱ्या प्रकारचा होता. मला दिसत होतं. तरी मी म्हटलं, लाईन गेली असेल.

पाहुणे साडेबाराला गेले. एकच्या सुमारास आईचा फोन आला. ती चालत होती, आवाज धापेचा.

"निंघाली मी. अर्धा रोज तं भेटन. जेवले ते, झोपले. पाह्यजो."

मी म्हणणार होते की आई, दिसत नाही. दोन फोन आधीच वाजत होते, रविवारी दुकानात गर्दी असते. आणि पाहुण्यांपायी तिचा अर्धा दिवस गेलेला, त्यात मी तिला परत फिरवायचं? गेल्या वेळी लाईन आली तसा कॅमेरा येईल.

"बरं," मी म्हटलं.

दीड वाजला. दोन वाजले. मी फोन घेत होते आणि काळ्या चौकोनाकडे पाहत होते. अडीचला एक गिऱ्हाईक म्हणालं, माझा एक कॅमेरा काळा दिसतो. मी त्याला विचारलं, बाकीचे दिसतात का? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, मग तुमची लाईट आहे, कॅमेऱ्याचा नंबर हरवलाय. आणि वाक्य तिथंच तोडून त्याचा फोन ठेवला.

आईला फोन लावला. लागला नाही. परत लावला. शेतात रेंज कधी असते, कधी नसते. सातव्या का आठव्या वेळी लागला.

"आई, घरी जा."

"काहून? काय दिसून राह्यलं?"

"काईच नाई दिसून राह्यलं. अकरापासून नाई दिसत."

 फोन चालू होता. पऱ्हाटीतून माणूस धावतं तेव्हा वाळल्या फांद्यांचा जो आवाज होतो, तो मी ऐकला.

बाबा मागच्या दाराशी सापडले. पाणी घ्यायला उठले असावेत, कारण पाण्याचा गडवा अंगणात गेला होता. अर्धं अंग उंबऱ्याच्या आत, अर्धं उन्हात. खुब्याचं हाड मोडलं होतं. किती वेळ पडून होते कोणाला माहीत नाही, पण अंगणाच्या बाजूचा गाल आणि हात उन्हानं पोळला होता. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्यांना वाटत होतं, मी पाहते आहे. आई पोचली तेव्हा ते तिला म्हणाले, "पोरीनं लई वेळ लावला."

हे आईनं मला लगेच नाही सांगितलं. खूप दिवसांनी सांगितलं.

सरांनीच तिकीट काढून दिलं. मी यवतमाळला पोचले तेव्हा बाबांचा पाय वजन लावून ताणलेला होता. मी सरांना दवाखान्याच्या जिन्यातून फोन केला आणि सांगितलं की दुसरं काम मी केलंच नव्हतं, खोटं हो म्हटलं होतं. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.  ते म्हणाले, "अगं, विचारायचं होतंस. मी दहा वेळा सांगितलं असतं."

चार-पाच दिवसांनी कपडे न्यायला म्हणून मी एकटीच गावी गेले. घराचं कुलूप काढलं आणि आधी मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. यादी होती. दोन, तीन, चार. आणि पाचवर एका मोबाईलचं नाव. चालू राहिलेला मोबाईल मिळालेला नंबर सोडत नाही, परत तोच मागतो. तो मोबाईल अजून घरातच होता, खिडकीत, चार्जिंगला लावलेला.

शेजारचे काका आले तेवढ्यात. ऑटोपर्यंत बाबांना उचलून नेणारे हेच. दवाखान्यात दोन दिवस खाली झोपले होते.

"माहाच होय तो, बाई. त्या दिवशी पाहुन्यात मीबी ठेवला, पिक्चर उतरवाले. म्हनलं उतरू दे, मी वावरात जाऊन येतो. मंग त्या धावपयीत इथंच राह्यला."

"उतरला का पिक्चर?"

"उतरला. अर्धाच. मरू दे. तुहे बाबा कसे हायेत?"

मी सांगितलं, बरे आहेत. मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला. पाच नंबराचं त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. त्यांचा त्यात काय दोष? ते दिलेल्या जागेवर बसले होते.

मग मी राऊटरचं दुसरं काम केलं.  कॅमेऱ्याच्या मागच्या चिठ्ठीवरचा लांब नंबर वाचायचा, राऊटरच्या यादीत तो लिहायचा, त्याच्यापुढं पाच. जपून करायचं म्हटलं तरी पाच मिनिटांचं काम. एवढं करून मी बाबांचे कपडे पिशवीत भरले.

आईला मी दवाखान्यातच सांगितलं, बाबा झोपलेले असताना. सगळं सांगितलं, सरांनी सांगितलेली दोन कामं, मी केलेलं एक, काळा चौकोन कोणत्या प्रकारचा होता ते. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, तुले काय माहीत. तसं काही ती म्हणाली नाही. ती बाबांच्या पायाच्या वजनाकडे पाहत होती.

"मले कुठं दिसत होतं ते कायंकुट्ट," ती म्हणाली. "तुले दिसत होतं."



थोड्या वेळानं ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सांगतलं असतं तरी मी वेचाले गेलीच असती का काय, कोनास ठाऊक. पाहुन्यायनं अर्धा रोज खाल्लता." आणि मग, "पासवर्ड बदलू नको. बाबा घरी आले की लोक येतीन परत. नाई कसं म्हनू त्यायले."

मी नाही बदलला. पाहुण्यांसाठी वीसच्या पुढचे नंबर मोकळे करून ठेवले.

बाबा घरी आले ते खाटेवरच. पाय हलवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ते विसरून दोन्ही हातांवर उठायला बघायचे. शर्ट घालायचं त्यांनी सोडून दिलं. ताटली दाखवायचंही. मी पुण्याला परतले. माझी खुर्ची होती तशीच होती. सर माझ्याशी होते तसेच वागत होते, आणि मला ते सहन व्हायचं नाही.

आई पंधरा दिवस वेचणीला गेली नव्हती. शेवटची वेचणी राहिली होती, तीही हातातून चालली होती. एका सकाळी तिचा फोन आला.

"मंग आता नाई ना जाणार तो कॅमेरा?"

"थांब," मी म्हटलं. "आधी मेन बंद कर."

तिनं बंद केलं. मी शंभर मोजले. "चालू कर." खोली आली. "परत बंद कर. तुहा मोबाईल चालू राहू दे." परत आली. "आता काकूंचा मोबाईल आण, काकांचाबी आण, दोन्ही वायफायवर लाव, आणि मंग बंद कर." ती कंटाळली होती तरी तिनं आणले. लाईन घालवली, आणली. दीड मिनिट मी काळ्या चौकोनाकडे पाहत बसले. खोली आली. चौथ्यांदा केलं. आली.

"झालं का तुहं? ऊन झालं इकडं."

"आई, त्यायच्या हाताजवळ पाणी ठेवलं का? दोन गडवे ठेव."

"ठेवले."

"मागचं दार लावून घे."

"लावलं वं बाई."

ती कॅमेऱ्याच्या खाली आली. कमरेला वेचलेला कापूस टाकायची वटी बांधली, गाठ ओढून पाहिली. बाबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही, कॅमेऱ्याला आवाज नव्हता. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"निंघते मी," फोनवर ती म्हणाली. माझ्या उत्तराला ती थांबली नाही. चौकोनातून आधी तिचं डोकं गेलं, मग वटी, मग पाय. दाराची उजेडाची पट्टी बारीक होत मिटली.

टेबलावर दुकानाचा फोन वाजत होता. उजव्या हातातला मोबाईल तसाच धरून मी तो डाव्या हातानं उचलला.